दावा हरला, पण डाव साधला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. या उपदेशात व्यवहारज्ञान असले तरी एक मोठी उणीव आहे. तो केवळ दावा लावू पाहणाऱ्याला उद्देशून आहे. ज्याच्यावर दावा लावला जातो त्याला पायरी चढावी की न चढावी, हे ठरविण्याची मुभाच नसते. बेलिफ समन्स घेऊन दारात उभा राहिला की शहाणा काय आणि खुळा काय, दोघांनाही वकीलपत्र द्यावे लागते, कैफियत दाखल करावी लागते आणि पुढे वर्षानुवर्षे पेशीच्या तारखा मोजाव्या लागतात. हजर न राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा ठरलेला. म्हणजे या म्हणीमुळे सज्जन मनुष्य हक्क असूनही कोर्टापासून दूर राहतो, आणि ज्याला कोर्टाच्या दिरंगाईचाच हत्यारासारखा उपयोग करावयाचा आहे त्याला मैदान मोकळे मिळते.

वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगाव, किंवा तशाच कोणत्याही वऱ्हाडी गावाच्या शिवारात घडू शकेल असा एक कल्पित प्रसंग पाहावा. दोन शेते लागून आहेत, मध्ये धुरा आहे. एका शेतकऱ्याला मुलाच्या शिक्षणासाठी तीन एकर विकावयाचे आहेत. गिऱ्हाईक ठरले आहे, भावही ठरला आहे. शेजाऱ्याला तेच शेत हवे आहे; मात्र त्या भावाने नको. तो तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावतो. पूर्वी आपल्याशी तोंडी सौदा झाला होता, विसार दिला होता, धुराही सरकविलेला आहे, असे सारे कथन त्यात असते. त्यासोबत तो 'जैसे थे' परिस्थितीचा अंतरिम हुकूम मागतो. हुकूम मिळाला तर विक्री थांबते. न मिळाला तरी गिऱ्हाईक पळते. कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहते, आणि वादातली जमीन पुऱ्या किमतीला कोण घेणार? सहा-सात वर्षांनी पुराव्याअभावी दावा फेटाळला जातो. तोवर मुलाच्या शिक्षणाची वेळ निघून गेलेली असते, कर्ज वाढलेले असते, आणि थकलेला मालक शेजाऱ्यालाच निम्म्या भावात खरेदीखत करून देतो. निकाल प्रतिवादीच्या बाजूने लागला. शेत मात्र वादीच्या घरी गेले.

कायद्याच्या पुस्तकात या वादीची नोंद हरलेला पक्षकार अशी होईल. गावात मात्र त्याने काय मिळविले हे प्रत्येकाला ठाऊक असते. दिवाणी कायद्याच्या दुरुपयोगाचे मर्म इथेच आहे. खोटा दावा लावणाऱ्याला बहुधा निकाल नकोच असतो, त्याला दाव्याचा चालू काळ हवा असतो.

चवदार तळ्याची दहा वर्षे

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण महाडला घडले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरविले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्यावर गेले व पाणी प्याले. नंतर झालेल्या हल्ल्याचा आणि तळ्याच्या 'शुद्धीकरणाचा' इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तेव्हा २५ डिसेंबरपासून पुन्हा सत्याग्रह करण्याचे जाहीर झाले.

लाठीने जे साधले नव्हते ते या वेळी दिवाणी दाव्याने साधण्यात आले. सत्याग्रहाला पंधरवडाही उरला नसताना, १२ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या काही सनातनी रहिवाशांनी तेथील न्यायालयात डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा दाखल केला. तळे सार्वजनिक नसून खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची रूढी अनादि आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच दिवसांनी तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषदेसाठी हजारो माणसे गावोगावहून आलेली होती. तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. परंतु डॉ. आंबेडकर हे स्वतः बॅरिस्टर होते. न्यायालयाचा हुकूम मोडावयाचा की पाळावयाचा, यावर परिषदेत मोठी चर्चा झाली आणि अखेर २७ डिसेंबरला सत्याग्रह स्थगित करण्यात आला.

पुढे काय झाले हे तारखांनिशी पाहण्यासारखे आहे. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो मनाई हुकूम त्याच न्यायालयाने उठविला. ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला गेला. ठाण्याच्या न्यायालयातील अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दुसरे अपीलही फेटाळले. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा निर्वाळा न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांच्या खंडपीठाने दिला. हेच ब्रूमफील्ड १९२२ साली अहमदाबादला महात्मा गांधींच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायाधीश होते.

वादी प्रत्येक पायरीवर हरले. पहिल्यांदा तळ्याचे पाणी प्याल्यापासून शेवटच्या निकालापर्यंत मात्र दहा वर्षांना तीनच दिवस कमी होते. ज्या एका आठवड्यासाठी मनाई हुकूम हवा होता तो आठवडा वादींच्या पदरात पहिल्याच पंधरवड्यात पडला होता. या प्रकरणात आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तो हुकूम परिणामकारक ठरला, कारण ज्यांच्याविरुद्ध तो निघाला त्यांनी कायद्याचा मान राखला. न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग हा नेहमीच समोरच्याच्या कायदानिष्ठेवर पोसला जातो. हुकूम पाळणाराच त्याने बांधला जातो. मोडणाऱ्याला तो कागद असतो. म्हणून अशा दुरुपयोगाने एका प्रतिवादीचे नुकसान होते एवढेच म्हणून थांबता येत नाही. कायदा पाळणे हाच तोट्याचा व्यवहार आहे, असा धडा त्यातून समाजाला मिळतो.

वाशिम जिल्ह्याला दिवाणी वादाच्या दीर्घायुष्याची ओळख निराळ्या संदर्भात आहे. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराच्या व्यवस्थेविषयी श्वेतांबर व दिगंबर पंथीयांत चाललेला वाद १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. १९८१ पासून त्या मंदिराला कुलूप होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते २०२३ साली उघडले. तेथे दोन्ही बाजूंच्या श्रद्धा खऱ्या आहेत आणि दुरुपयोगाचा प्रश्न नाही. परंतु प्रामाणिक वादालाही जेथे तीन-तीन पिढ्यांचा काळ लागू शकतो, तेथे मुद्दाम लांबविलेल्या अप्रामाणिक दाव्याला किती वाव असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. देशातील कनिष्ठ न्यायालयांत पडून असलेल्या प्रकरणांची संख्या २०२३ सालीच चार कोटींच्या पुढे गेली होती.

इंग्रजी कायद्याचे उसने गृहीतक

खोटा दावा लावून दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्याकडून भरपाई का मागता येऊ नये? हा प्रश्न अपकृत्यांच्या कायद्यात येतो. करार मोडलेला नसतानाही एकाने दुसऱ्याची हानी केली, तर ती भरून देण्याची जबाबदारी ज्या कायद्याने येते तो अपकृत्यांचा कायदा. आपल्याकडे तो संहितेच्या रूपात नाही. इंग्लंडमधील निवाड्यांच्या आधाराने आणि येथील न्यायालयांच्या निर्णयांतून तो घडत आला आहे. खोटी फौजदारी फिर्याद करणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा करता येतो, हे या कायद्यात पूर्वीपासून मान्य आहे. त्यासाठी चार गोष्टी दाखवाव्या लागतात: फिर्याद प्रतिवादीने चालविली, ती आपल्या बाजूने संपली, तिला वाजवी व संभाव्य कारण नव्हते आणि तिच्यामागे दुष्ट हेतू होता. शिवाय नुकसान दाखवावे लागते. मुदतही तुटपुंजी आहे: सुटका झाल्यापासून अवघे एक वर्ष.

दिवाणी दाव्याच्या बाबतीत मात्र इंग्रजी कायद्याने दार जवळजवळ बंद ठेवले. १८८३ च्या 'क्वार्ट्झ हिल' प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने जी भूमिका घेतली तिचा आशय असा की, सामान्य दिवाणी दाव्याने प्रतिवादीचे कायद्याला मान्य होईल असे नुकसान होत नाही. दावा उघड्या न्यायालयात चालतो, तेथे खोटेपणा उघडा पडतो, अब्रूवर आलेले मळभ निकालाने दूर होते आणि झालेला खर्च हरणाऱ्याकडून मिळतो. मग वेगळ्या भरपाईची गरज काय?

हे तर्कशास्त्र दोन खांबांवर उभे आहे. दावा लवकर निकाली निघतो, हा पहिला. आणि हरणारा पक्ष खरा खर्च भरून देतो, हा दुसरा. आपल्याकडे हे दोन्ही खांब नाहीत; छप्पर मात्र जसेच्या तसे आणून ठेवलेले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८० सालच्या एका निर्णयात दिवाणी प्रक्रियेच्या दुष्ट हेतूने केलेल्या वापराबद्दल भरपाई मागता येईल असे मानले. परंतु दुष्ट हेतू, वाजवी कारणाचा अभाव, कार्यवाहीचा अनुकूल शेवट आणि स्वातंत्र्य, मालमत्ता वा अब्रू यांना पोचलेली बाधा, इतके सारे सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावरच राहिला. एका दाव्यात सात वर्षे घालवून बाहेर पडलेल्या शेतकऱ्याला हे सिद्ध करण्यासाठी पुन्हा दुसरा दावा लावा, असे सांगणे म्हणजे तापातून उठलेल्याला दुसरा ताप घेण्याचा सल्ला देणेच होय.

तीन हजार रुपयांची जरब

वेगळा दावा नको म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेनेच काही उपाय ठेवले आहेत. संहितेचे ३५-अ हे कलम खोट्या अथवा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाईदाखल खर्च देवविण्याचे आहे. १९२२ साली ते घातले गेले तेव्हा त्याची कमाल मर्यादा एक हजार रुपये होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती तीन हजार झाली. त्या काळी ही रक्कम म्हणजे शाळामास्तराचा काही महिन्यांचा पगार होता. आज एका पेशीचे वकिलाचे शुल्क आणि जाण्यायेण्याचा खर्च यांत ती केव्हाच संपते. संहितेतील मर्यादा मात्र तीच आहे, आणि अपिलात तर हे कलम लागूच होत नाही. मोठ्या व्यापारी व्यवहारांच्या वादांपुरती ही मर्यादा २०१५ च्या वाणिज्य न्यायालय कायद्याने काढून टाकली. व्यापाऱ्याच्या दाव्यात जी मर्यादा जाचक वाटली ती शेतकऱ्याच्या धुऱ्याच्या दाव्यात अद्याप कायम असावी, याचे समाधानकारक कारण सापडत नाही.

अपुऱ्या कारणावर मनाई हुकूम किंवा जप्ती मिळविणाऱ्याकडून ९५ व्या कलमाखाली पन्नास हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. एकतर्फी मनाई हुकूम दिल्यावर त्या अर्जाचा तीस दिवसांत अंतिम निर्णय करण्याचा प्रयत्न न्यायालयाने करावा, असे १९७६ पासून एकोणचाळिसाव्या आदेशात लिहिलेले आहे. न्यायालयात अप्रामाणिकपणे खोटी मागणी करणे हा भारतीय दंडसंहितेच्या २०९ व्या कलमाखाली गुन्हा होता आणि तो नव्या न्याय संहितेतही कायम आहे. महाराष्ट्रात तर १९७१ पासून त्रासदायक दाव्यांना प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा आहे. महाधिवक्त्याच्या अर्जावरून उच्च न्यायालय एखाद्याला सराईत त्रासदायक दावेदार म्हणून घोषित करू शकते. मग त्याला परवानगीवाचून दावा लावता येत नाही. मद्रासच्या अशाच कायद्याची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली उचलून धरली. तो निकाल लिहिणारे न्या. हिदायतुल्ला हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. परंतु हा कायदा पन्नास दावे लावणाऱ्या माणसासाठी आहे. एकच दावा पंधरा वर्षे चालविणाऱ्याला तो स्पर्शही करीत नाही, आणि खेड्यातील खरा उपद्रव या दुसऱ्या प्रकारच्या दावेदाराचा असतो.

जोखीम कोणाची?

दावा लावण्याचा हक्क हा मूलभूत स्वरूपाचा आहे, याविषयी दुमत नसावे. सर्वोच्च न्यायालयात १९७४ साली 'गंगाबाई विरुद्ध विजयकुमार' या प्रकरणात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी असे स्पष्ट केले की, दिवाणी दावा लावण्यास कायद्याची वेगळी परवानगी लागत नाही. कायद्याने बंदी नसेल तर कोणीही, स्वतःच्या जोखमीवर, हवा तो दावा लावू शकतो. या विधानातील पहिला भाग वकीलवर्गाला तोंडपाठ असतो. 'स्वतःच्या जोखमीवर' या शब्दांकडे मात्र दुर्लक्ष होते. हक्क आणि जोखीम ही तेथे जोडीने आलेली आहेत. प्रत्यक्षात हक्क वादीकडे राहिला आणि जोखीम अलगद प्रतिवादीच्या गळ्यात जाऊन पडली. मागणी खोटी ठरली तर वादीचे तीन हजार जातात. खरी असूनही लांबली तर प्रतिवादीचे शेत जाते.

सर्वोच्च न्यायालयाने ही स्थिती वारंवार ओळखली आहे. मालमत्ता बळकावणारे आणि कर्ज बुडविणारे लोक न्यायप्रक्रियेलाच बेकायदा लाभ टिकविण्याचे साधन करतात, असे १९९३ साली म्हटले गेले. चुकीने मिळविलेला लाभ काढून घेतल्याखेरीज निरर्थक दावे थांबणार नाहीत आणि खर्चाचे आदेश वास्तव असले पाहिजेत, असे २०११ साली सांगितले गेले. गोव्यातील एका प्रकरणात बहिणीने भावाला आपल्या घरात राखणदार म्हणून राहू दिले होते. पुढे त्याने ताब्याचाच दावा लावला. अशा राखणदाराला कितीही वर्षे राहिला तरी हक्क प्राप्त होत नाही, असा निकाल २०१२ साली बहिणीच्या बाजूने लागला. पण त्यासाठी तिला दिल्ली गाठावी लागली. चालू खटल्यांतील स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपेल, असा उपाय २०१८ साली योजण्यात आला होता. तोही फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रद्द केला. स्थगिती उठविताना दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत, ही त्यामागची भूमिका न्याय्यच आहे. मात्र त्यामुळे प्रश्न पुन्हा प्रत्येक न्यायाधीशाच्या दक्षतेवर येऊन ठेपला.

खर्चाची जरब वाढवावी असे म्हटले की एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जबर खर्चाच्या भीतीने गरीब मनुष्य खरा दावाही लावणार नाही, असा तो आक्षेप आहे. लोकमान्य टिळकांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. 'इंडियन अनरेस्ट' या ग्रंथातील मजकुराबद्दल त्यांनी सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ साली ते हरले आणि खर्चाचा प्रचंड बोजा त्यांच्यावर पडला. तो पेलण्यासाठी लोकांना निधी जमवावा लागला. टिळकांच्या मागे देश उभा होता. आसेगावच्या विधवेने दिराविरुद्ध वाटणीचा दावा लावला तर तिच्यामागे कोण उभे राहणार? म्हणून हरणे आणि खोटे बोलणे यांत फरक करणे अगत्याचे आहे. जो प्रामाणिकपणे लढला आणि पुरावा तोकडा पडल्याने हरला, त्याला दंडाची भीती नको. ज्याने खोटा कागद आणला, खरा कागद दडविला किंवा निव्वळ अडवणुकीसाठी अंतरिम हुकूम मिळविला, त्याच्याकडून मात्र प्रतिवादीचे प्रत्यक्ष नुकसान पुरते वसूल व्हावे.

यासाठी मोठी क्रांती करावी लागेल असे नाही. ३५-अ कलमातील मर्यादा संसद एका दुरुस्तीने काढू शकते. मनाई हुकूम मागणाऱ्याने, आपली मागणी निराधार ठरल्यास नुकसान भरून देईन अशी हमी न्यायालयात द्यावी, ही इंग्लंडमधील नित्याची प्रथा आहे. एकतर्फी हुकुमांपुरती तरी ती येथे नियम म्हणून आणता येईल. तीस दिवसांचे बंधन पाळले न गेल्यास त्याची कारणे नोंदविली गेली पाहिजेत. पहिल्याच सुनावणीला न्यायाधीशाने पक्षकारांना समोर बोलावून विचारपूस करण्याचा अधिकार दहाव्या आदेशात आहे. तो मनापासून वापरला, तर रचलेली कित्येक कथानके तिथेच कोसळतील. दाव्याच्या मजकुरातून कारणच निष्पन्न होत नसेल तर तो सातव्या आदेशाखाली आरंभीच नाकारता येतो. नागरिकांच्या हातीही एक साधन आहे. आपल्याविरुद्ध अर्ज येण्याचा संभव दिसताच कॅव्हेट दाखल केल्यास नव्वद दिवस आपल्याला ऐकल्याखेरीज हुकूम होत नाही. खेड्यापाड्यांत ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. शिक्षक, कारकून व कायद्याचे विद्यार्थी ती सहज सांगू शकतात.

कोर्टाची पायरी शहाण्याने टाळावी, हा सल्ला ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या द्यावा लागतो त्या समाजात न्यायालये असूनही न्यायाची वाट अडलेली असते. ती पायरी खऱ्या माणसाला निर्धास्तपणे चढता आली पाहिजे, आणि खोट्या माणसाचा पाय तिच्यावर ठेवण्यापूर्वी थबकला पाहिजे. आज नेमके उलट घडते. महाडच्या तळ्याच्या दाव्यात कायद्याने अखेर योग्य तोच निकाल दिला, हे खरे. मात्र तहानलेल्यांना दहा वर्षे थांबविल्याची किंमत त्या हुकूमनाम्यात कोठेही आकारलेली नव्हती; आणि आजही कनिष्ठ न्यायालयांतून निघणाऱ्या बहुतेक हुकूमनाम्यांत तो रकाना रिकामाच असतो.